इमामबीच्या नावावरचे नव्वद शेअर

एकोणीसशे पंच्याहत्तर साली दौंडच्या पेठेत कुणालाही विचारलं असतं की रेल्वे फाटकाजवळचा बर्फाचा कारखाना कुणाचा, तर शेंबड्या पोरानंसुद्धा दगडोबाचं नाव सांगितलं असतं. कागद मात्र वेगळंच बोलत होता. कागदावर कंपनीचे शंभर शेअर होते. त्यांतले नव्वद इमामबीचे होते आणि इमामबी सुईण होती. मशिदीमागच्या बोळात पत्र्याच्या दोन खोल्यांत ती राहायची. तिला अक्षरओळख नव्हती आणि कारखान्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर तीस वर्षं मागं जावं लागेल. बर्फाचं यंत्र दौंडात यायच्या कितीतरी आधी.

साहेबराव मूळचे खुटबावचे. घरची शेती धाकट्या भावावर सोपवून ते धंद्याच्या नादानं दौंडला आले. माणूस कष्टाळू आणि हाताचा सैल, पण नशीब आडवं. पार्वतीबाईंना पहिले तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. एक आठव्या दिवशी, एक बाराव्याला, आणि तिसरा रांगायला लागल्यावर. तिन्ही वेळा इमामबीच होती. तिनंच नाळ कापली आणि तिनंच पार्वतीबाईंना धरून बसवलं. पंचेचाळीस साली चौथा झाला तेव्हा घरात कुणी पेढे आणले नाहीत. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना.

तेव्हा जुन्या बायकांनी जे सांगितलं ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं जगत नसतील तर पोर विकायचं. आपलं नाहीच म्हणायचं, म्हणजे सटवाई आली तरी चुकल्या घरी आल्यासारखी परत जाते. इमामबीनं सूपभर कोंडा दिला, पोर घेतलं आणि उंबरा ओलांडून आपल्या घरी नेलं. संध्याकाळी पार्वतीबाई तिच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘इमामबी, तुझं पोर सांभाळायला देतीस का?’’ इमामबी म्हणाली, ‘‘न्या, पर नीट सांभाळा.’’ नाव दगडोबा ठेवलं. दगडाला कोण उचलून नेणार?

या सौद्याची एकच अट असते. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं मरेपर्यंत हे लटकं आहे असं तोंडातून काढायचं नाही. इमामबी पाच वेळची नमाजी बाई. पण नमाज आपल्या जागी आणि सटवाई आपल्या जागी. बाळंतिणीच्या खाटेशी रात्री काढणाऱ्या बाईला ही अट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पोर जगलं. नुसतं जगलं नाही, चांगलं दांडगं झालं. पार्वतीबाईंना ते आई म्हणायचं आणि इमामबीला अम्मा. शाळा सुटली की दप्तर फेकून आधी मशिदीमागच्या बोळात, मग घरी. इमामबीला पोटची एक मुलगीच, खातून. नवरा बाबुलाल रेल्वेच्या यार्डात होता, तो लवकर गेला. त्या घरात ‘अम्मा’ अशी हाक मारत धाडकन दार लोटणारं पोर दुसरं कोण होतं? खातूनसुद्धा तिला अम्मी म्हणायची. अम्मा म्हणणारा तो एकटाच.

पोर जगलं, पण धंदा जगेना. साहेबरावांनी शिरूरला तेलाची घाणी टाकली, ती जळाली. मग तळेगाव ढमढेऱ्याहून पुण्याला भाजी न्यायला ट्रक घेतला, तो पहिल्याच साली भीमेच्या उतारावर उलटला. एकोणसाठ साली त्यांनी बर्फाच्या कारखान्याचं काढलं तेव्हा ते इमामबीच्या ओट्यावर येऊन बसले.

‘‘इमामबी, माझ्या नावाला यश न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या नावावर पोर जगलं. कारखाना बी तुझ्याच नावावर करतो.’’

पुण्याच्या वकिलानं त्यांना सांगितलं होतं की कंपनी करायला निदान दोन माणसं लागतात, तुमचं एक नाव आणि बायकोचं एक घाला. साहेबराव त्याला म्हणाले, ‘‘बायकोचं नाव म्हंजी माझंच नाव. सटवाईला काय एवढं कळत न्हाई व्हय?’’ वकील पोट धरून हसला. पण पक्षकार ऐकेना, म्हणून नव्वद शेअर इमामबीचे आणि दहा साहेबरावांचे असं त्यानं लिहिलं.

इमामबीनं फक्त एवढंच विचारलं होतं, ‘‘आबा, ह्यात माझं काय?’’

‘‘नाव.’’

‘‘आन् काय न्हाई?’’

‘‘आन् काय न्हाई.’’

‘‘मग चालंल,’’ ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

कारखाना चालला, हे मात्र खरं. भीमेची मासळी पेट्यांत भरून गाडीनं जायची, तिला बर्फ लागे. लग्नसराईत सरबतवाले दाराशी रांग लावत. वर्षातून एकदा कारखान्याचा माणूस कागद घेऊन यायचा, इमामबी अंगठा लावायची, शाई पदराला पुसायची आणि परत बाळंतिणीकडं जायची. एकदा म्हणून तिनं नफा विचारला नाही. कुणी थट्टेनं ‘मालकीणबाई’ म्हटलं तर ती नुसतं हसायची, पण ‘मी मालकीण न्हाई’ असंही कधी म्हणायची नाही. का म्हणायची नाही ते ऐकणाऱ्याला कळत नसे.

दगडोबाच्या लग्नात खरं तर त्याला परत विकत घ्यायला हवं होतं. रीतच आहे तशी. पोर थोर झालं की आईबाप त्याला मान देऊन, सगळ्यांदेखत सोडवून आणतात. पार्वतीबाईंनी आठवण केली. साहेबराव म्हणाले, ‘‘चाललंय ते बरं चाललंय. कशाला छेडायचं?’’ भिऊन पुढं ढकललेली गोष्ट कधी होत नाही. एकाहत्तर साली साहेबराव गेले आणि ती राहूनच गेली. पोर आणि कारखाना, दोन्ही इमामबीच्या नावावर राहिलं.

मग पंच्याहत्तर साल उजाडलं आणि सरकारनं कंपनीच्या कायद्यात नवं कलम आणलं. शेअर ज्याच्या नावावर आहेत त्यानं लिहून द्यायचं की हे खरे माझे नाहीत, अमक्याचे आहेत. आणि त्या अमक्यानंही लिहून द्यायचं की होय, ते माझे आहेत. मुदतीत दिलं नाही तर दर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय खऱ्या मालकानं स्वतःला उघड केलं नाही, तर त्या शेअरबद्दल आपसांत केलेला खासगी करार त्याला पुढं बजावून घेता येणार नाही.

कायदा काही वाईट नव्हता. आडोशाला बसून दुसऱ्याच्या हातानं खाणारे शेठ काय थोडे होते? पण आपल्या भागात त्यानं जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. दौंड-शिरूरच्या पेठेतले निम्मे मालक कागदावर नव्हते आणि कागदावरचे निम्मे मालक नव्हते. कुणी मेव्हण्याच्या नावावर, कुणी दिवाणजीच्या, कुणी कधीच्या मेलेल्या चुलत्याच्या. वर्षानुवर्षं ज्यांना हाक मारून चहा सांगायचा, त्यांच्या दारी शेठलोक स्वतः चालत जाऊ लागले. शिरूरच्या एका तेलगिरणीत तर मेव्हण्यानं सरळ सांगितलं, ‘‘कागद म्हणतो माझं, तर माझंच.’’ दाजी कोर्टात गेला आणि गिरणीला टाळं लागलं. चाळीस माणसं घरी बसली.

ही बातमी दगडोबानं ऐकली आणि त्याची झोप उडाली. त्याचं जुनं यंत्र धापा टाकत होतं. लग्नसराईच्या आत नवा कॉम्प्रेसर आणायचा होता, आणि बँकेच्या साहेबानं सांगितलं होतं की आधी शेअरची वही साफ करा, खरा मालक कोण ते लेखी दाखवा, मग कर्जाचं बोला.

तो वकिलानं तयार केलेला कागद घेऊन अम्माकडं आला. पार्वतीबाई तेव्हा खुटबावला होत्या, दिराच्या आजारपणात. दगडोबानं कागद वाचून दाखवला, की इमामबी बाबुलाल हिच्या नावावरचे नव्वद शेअर हे तिचे नसून दगडोबा साहेबराव याचे आहेत आणि तिचा त्यांत काहीही हक्क नाही.

इमामबीनं अंगठा शाईवर नेला होता. तो तिनं तिथंच थांबवला.

‘‘तुझं नाव लिवलंय व्हय त्यात?’’

‘‘मग कुणाचं लिहिणार, अम्मा? माझंच हाय ते.’’

‘‘आन् माझं न्हाई आसं बी लिवलंय?’’

‘‘व्हय. सरकारी नियमच हाय तसा.’’

तिनं हात पदराखाली घेतला. ‘‘मी न्हाई लावायची.’’

दगडोबाला वाटलं, म्हातारीला समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून सांगितलं. पण तिला समजलं होतं, त्याच्यापेक्षा जास्त समजलं होतं. तीस वर्षं तिनं ज्या सटवाईपासून पोराला लपवलं, तिच्यापुढंच आता लिहून द्यायचं होतं की हे माझं नाही, ह्याचं आहे, आणि हा इथं राहतो. एकाच नावाच्या आडोशाला पोर आणि कारखाना दोन्ही ठेवलेले. एक उघडं पडलं की दुसरं कसं झाकायचं? सरकारला काय, त्याला दंड हवा किंवा सही हवी. पण तीन कोवळी पोरं तिनं स्वतःच्या हातांनी कापडात गुंडाळली होती. चौथ्याचं नाव ती कुणाला सांगणार नव्हती.

आणि का लावत नाही, हे सांगता येत नव्हतं. सांगायचं म्हणजे तोंडानं कबूल करायचं की तू माझा नाहीस. तीच तर अट होती. त्या अडचणीत ती बाई अशी अडकली की बोलावं तरी घात आणि न बोलावं तरी घात. दगडोबाला आपण कोंड्यावर विकले गेलो होतो हे ठाऊक होतं, लहानपणी त्यावरून पोरांनी चिडवलंही होतं. पण ती म्हाताऱ्या बायकांची गंमत, अशी त्याची समजूत. त्या गमतीचा आणि कंपनीच्या कागदाचा काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. बापानं त्याला अम्माच्या नावाचं कारण कधी सांगितलंच नव्हतं.

आठ दिवसांनी तो वकिलालाच घेऊन आला. वकील ओट्यावर बसला, घाम पुसला आणि थेट मुद्द्यावर आला. ‘‘बाई, आडवळण नको. किती हवेत ते सांगा.’’

इमामबीचा चेहरा उतरला. ती दगडोबाकडं बघत राहिली, की हा तरी वकिलाला गप्प करील. तो खाली बघत होता.

‘‘लाख दिलं तरी न्हाई,’’ ती म्हणाली.

वकिलानं वाटेत दगडोबाला अर्थ सांगितला: लाख पुरणार नाहीत, शिरूरच्या मेव्हण्याची गोष्ट इथवर पोचली आहे. आणि दौंडाला तर बोलायला काहीतरी हवंच होतं. सुईणीनं कारखाना गिळला, असं पाणवठ्यावर झालं, पेठेत झालं. ज्यांची बाळंतपणं तिनं फुकट केली होती त्यांनीही म्हटलं. ‘‘नाळ कापता कापता गळा कापला की हो म्हातारीनं!’’ खातूननं हे ऐकलं आणि ती रडत घरी आली. इमामबी म्हणाली, ‘‘बोलू दे. मी चोर ठरले तर कुणी मरत न्हाई.’’

मुदतीचे दिवस सरत आले. बँकेनं कागद परत केले. एका दुपारी जुनं यंत्र बंद पडलं आणि साच्यांतला बर्फ वितळून कारखान्याबाहेर रस्त्यावर पाणी आलं. दगडोबा तसाच ओल्या पायांनी मशिदीमागच्या बोळात शिरला. बोळातली माणसं दारादारांत उभी राहिली.

‘‘लाव अंगठा!’’ तो ओरडला. ‘‘बापानं तुझं नाव घातलं ती त्याची चूक. तू माझी कोण? सुईण हायस तू! नाळ कापलीस, तिचं लुगडं-चोळी तुला तवाच पोचली. तुझा आन् माझा काय बी संबंध न्हाई!’’

संतापाच्या भरात माणूस काय बोलत नाही? पण काही शब्द असे असतात की ते नंतर गिळता येत नाहीत, आणि हे तसे होते. इमामबी ओट्यावर बसली होती ती बसूनच राहिली. खातून पुढं झाली, ‘‘अम्मी, सांग ना त्याला! का सांगत न्हाईस?’’ इमामबीनं हात वर करून तिला थांबवलं.

मग ती अगदी शांत आवाजात म्हणाली, ‘‘बोललास तू. दहा जणांनी ऐकलं. आता लपवायला काय राह्यलं? उद्या सकाळी येते कारखान्यात.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ती आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात गेली. टेबलावर कागद मांडलेला होता. वकिलानं वाचायला सुरुवात केली, तर म्हणाली, ‘‘वाचू नका. पाठ हाय मला.’’ अंगठा लावला. मग विचारलं, ‘‘ह्याच्यावर आता माझं काय काय राहिलं?’’

‘‘काहीच नाही, बाई. तुम्ही मोकळ्या झालात.’’

‘‘आन् हे?’’ तिनं दगडोबाकडं न बघताच विचारलं.

‘‘तेही मोकळे. आता सगळं त्यांच्या नावावर करता येईल.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि निघाली. दगडोबा दारापर्यंत आला. गाडी करून देतो म्हणाला. ती चालतच गेली.

बँकेचं कर्ज मिळालं, लग्नसराईच्या तोंडावर नवा कॉम्प्रेसर आला, कारखाना सुरू झाला. मुंबईच्या एका मासळीवाल्यानं वही साफ बघून कायमची मागणी दिली. कायद्यानं शिरूरची गिरणी बसवली तशी दौंडचा कारखाना उभा केला, हेही सांगायला हवं. दगडोबा मोठा शेठ झाला.

दीर गेल्यावर त्याचे दिवस करून पार्वतीबाई खुटबावहून परतल्या तेव्हा त्यांना हे सगळं कळलं. दगडोबा उत्साहानं सांगत होता. त्या मधेच खाली बसल्या.

‘‘काय म्हणालास तू तिला? परत सांग.’’

त्यानं सांगितलं, जरा मवाळ करून.

‘‘अरे मेल्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिला तुझा कारखाना हवा व्हता व्हय? ती तुझं नाव लपवत व्हती. तुझ्या आधीचे तीन तिच्या मांडीवर गेले. तुला आपला म्हणायला मी भीत व्हते रं, माझी छाती न्हाई झाली. ती म्हणाली. तीस वर्सं म्हणत राह्यली. तुझ्या बापानं कंपनी तिच्या नावावर का केली, कवा इचारलंस का मला?’’

दगडोबा पायांत काही न घालता धावत गेला. इमामबी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो समोर उभा राहिला, त्याला दम लागला होता.

‘‘अम्मा.’’

ती निवडत राहिली.

‘‘अम्मा, मला ठावं नव्हतं गं. चुकलो मी. कागद फाडतो, परत करतो तुझ्या नावावर.’’

‘‘कागद सरकारात गेला,’’ ती सुपाकडं बघत म्हणाली. ‘‘आता नीट ऐका. लपवलं तवर सगळं लपवलं. आता सांगितलं, तर सगळंच सांगितलं पायजे. सरकारला म्हणायचं हे माझं न्हाई, आन् घरात म्हणायचं माझंच, आसं केलं तर ती चोरी व्हईल. चोरीचा माल सटवाई बरोब्बर हुडकून काढती. खरं बोलून दिलेलं हाय, ते खरंच राहू द्या. त्यानं तुमचं रक्षण व्हईल. जा, तुमची आई वाट बघत आसंल.’’

त्याला ती तुम्ही म्हणाली. आजवर तिनं त्याला दगड्या म्हटलं होतं, मुडद्या म्हटलं होतं, राजा म्हटलं होतं. तो ओट्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. तिनं हात सुपातच ठेवले, ते त्याच्या डोक्याकडं जाऊ दिले नाहीत. माझ्या मते त्या बाईनं आयुष्यात केलेलं हे सगळ्यात अवघड काम.

त्यानंतर तो दर शुक्रवारी यायचा. ओट्यासमोर उभा राहून अम्मा अशी हाक मारायचा, आणि ती ऐकू न आल्यासारखी काम करत राहायची. खातून चहा आणून द्यायची. तो गेला की इमामबी खातूनला विचारायची, तब्येत बरी दिसती का त्यांची, खोकला होता तो गेला का. पार्वतीबाई भेटल्या की पहिला प्रश्न तोच. पार्वतीबाईंनी एकदा हात जोडले, ‘‘एवढी कठोर नगं होऊस, इमामबी.’’ ती म्हणाली, ‘‘वैनी, तो जिता हाय ना? मग झालं.’’

असे सात-आठ महिने गेले. शेवटी थंडीतल्या एका शुक्रवारी दगडोबा आला आणि ओट्यासमोर उभा राहिला. त्यानं ओठ उघडले आणि मिटले, दोनदा. मग सगळं दौंड तिला जी हाक मारायचं, ती त्यानं मारली.

‘‘इमामबी.’’

‘‘ओ,’’ ती लगेच म्हणाली आणि मान वर करून त्याच्याकडं डोळे भरून पाहिलं. ‘‘या शेठ, बसा.’’